न भरलेला करा

टँकर मागे घेताना जो कर्कश पीं-पीं आवाज होतो, त्या आवाजाने आमच्या शहरात उन्हाळा सुरू होतो. कोकीळ वगैरे ज्यांच्याकडे असेल त्यांना ती लखलाभ. आमच्याकडे मार्चच्या अखेरीला हा आवाज गल्लीच्या तोंडाशी येतो, त्यामागून तापलेल्या सिमेंटवर सांडलेल्या पाण्याचा वास, निळ्या ड्रमांची फरफट, आणि मग वर्षातलं पहिलं भांडण. यंदाही तो आला. मी चहा गाळत होते, हात तसाच थांबला. इतकी वर्षं झाली, पण हा आवाज कानी पडला की मला पाण्याची नाही, आधी वैशूची आठवण येते.

शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं. नाव बदललं, नळाचं काही बदललं नाही. एरवीही आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी येणार आणि त्याला आम्ही 'पाण्याचा दिवस' म्हणणार. हे अंगवळणी इतकं पडलंय, की साखरपुड्याची तारीख काढतानासुद्धा आधी पाण्याचा दिवस बघतात आणि मग मुहूर्त. त्या वर्षीच्या दुष्काळाने तेवढंही गणित ठेवलं नाही. पैठणच्या धरणाचा तळ उघडा पडला होता आणि लोक सुट्टीच्या दिवशी गाड्या काढून तो तळ बघायला जात होते. शहर मात्र चेव आल्यासारखं वाढत होतं. बायपासला एकेक इमारत उभी राहत होती आणि तिच्यावरच्या भल्या मोठ्या फलकावर निळाशार पोहण्याचा तलाव. टँकर तिकडेही जायचे आणि वाळूजच्या कामगारवस्त्यांतही. आधी कुठे जायचे, हे सांगायला नको.

मी तेव्हा एका लहानशा खासगी प्रयोगशाळेत संशोधनाचं काम करत होते. काय काम करतेस, असं नातेवाईक विचारायचे आणि मी 'विषाणूंवर' म्हटलं की खुर्ची थोडी मागे सरकवायचे. म्हणून मग मी नीट सांगायला शिकले. विषाणू हा पेशीत शिरण्यात पटाईत असतो. त्याचं ते कसब तेवढं ठेवायचं, आणि रोग करणारा त्याच्या पोटातला भाग काढून टाकायचा. रिकाम्या झालेल्या जागी माणसाच्या एखाद्या जनुकाची प्रत बसवायची. आमच्याकडे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची जनुकं असायची. असा पोकळ केलेला विषाणू पेशींवर सोडला की तो आत शिरतो, आपलं ओझं ठेवतो, आणि ज्या पेशीला एखादं प्रथिन कधी बनवताच आलं नव्हतं ती ते बनवू लागते. अशा विषाणूला वाहक म्हणतात. वाहकाने पुढे काही करायचं नसतं. ओझं टाकायचं आणि संपायचं.

या सगळ्याला पाणी लागतं, आणि तेही शुद्ध. ऊर्ध्वपातनाच्या यंत्रातून एक बाटली शुद्ध पाणी निघेपर्यंत काच थंड ठेवण्यासाठी कितीतरी बादल्या साधं पाणी वाहून जातं. सुकाळात त्याकडे कुणी बघत नाही. त्या वर्षी आमच्या मुनीरभाईंनी, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मदतनिसांनी, त्या नळीखाली ड्रम लावले. संध्याकाळी प्रत्येकाने आपापला कॅन भरून घरी न्यायचा, असा नियमच पडला. आमचे प्रमुख, म्हणजे सर, स्वतः स्कूटरवर पायाशी कॅन ठेवून जायचे. माझी आई त्या कोमट पाण्याने धुणं धुवायची आणि शेजारणींना ऐटीत सांगायची, "आमच्या हिच्या लॅबचं आहे." बाहेर बेचाळीस अंशांत रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं, आणि आत काचेच्या दारामागे पेशी सदतीस अंशांच्या दमट उबेत बसलेल्या असायच्या. त्यांच्यासाठी जनित्र होतं. आख्ख्या शहरात त्यांच्याइतके लाड कुणाचे होत नव्हते.

संगीता आली तेव्हा उन्हाळा नुकताच लागत होता. कडेवर वैशू, मागे नवरा दत्ता, कंपनीचा निळा शर्ट घातलेला, रात्रपाळी करून तसाच आलेला. गंगापूरकडची माणसं. विहीर आटली तशी शेती भावावर टाकून वाळूजला आलेली, रांजणगावात पत्र्याच्या खोलीत राहणारी. संगीता ही दत्ताच्या मामाची मुलगी. मामाची मुलगी करायची रीत त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्यांची. दोघांच्याही अंगात एकाच जनुकाची एकेक बिघडलेली प्रत आहे, हे त्यांना वैशू होईपर्यंत कळायचं कारणच नव्हतं. खूण तशी पहिल्या महिन्यातच दिसली होती. वैशूची नाळ पडली नाही. इतर बाळांची आठवड्यात, फार तर दोन आठवड्यांत पडते, हिची लोंबतच राहिली. पुढे हिरड्या सुजायच्या, साधं खरचटलं तरी महिनाभर भरायचं नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव शोधून काढलं आणि आमच्याकडे पाठवलं, कारण नेमक्या त्याच जनुकावर आमचं काम चाललं होतं. मोठ्या शहरात अस्थिमज्जा बदलण्याचा इलाज होता, पण जुळणारं माणूस सापडलं नव्हतं.

मी त्यांना बाहेरच्या पायऱ्यांवर बसवून समजावून सांगितलं. वैशूच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर आहेत, नेहमीपेक्षा जास्तच. पण जखम झाली की त्यांना रक्तवाहिनीची भिंत धरून बाहेर पडावं लागतं. धरायला जे प्रथिन लागतं तेच तिच्यात नाही. त्यामुळे त्या नुसत्या फिरत राहतात.

दत्ता म्हणाला, "म्हंजी धरणात पाणी हाय, पर आमच्या नळाला येत नाय, तसंच की."

तसंच, मी म्हणाले. मग मी वाहकाचं सांगितलं, आणि तो वाहक मुळात कोणत्या विषाणूपासून बनवतात तेही सांगितलं, कारण ते सांगणं भाग होतं. ते नाव ऐकून संगीताने वैशूला एकदम छातीशी ओढलं. त्या रोगाच्या नावाने त्यांच्या वस्तीत माणसं वाळीत पडलेली तिने पाहिली होती. मी घाईघाईने म्हणाले, अहो, आतलं सगळं काढून टाकलेलं असतं. टँकर रिकामा करून, धुऊन त्यात दुसरं पाणी भरतात ना, तसं.

"आमच्या गल्लीत येतो त्यो टँकर आधी मळीचा होता," दत्ता शांतपणे म्हणाला. "लई धुतला. तरी पाण्याला वास येतोच मॅडम. तुमच्यात ऱ्हातो का वास?"

राहू नये म्हणून जन्मभर तपासत बसणं हाच आमचा धंदा, एवढंच मी म्हणू शकले. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणून दोनदा सांगितलं, की हा उपचार नाही. वैशूचं थोडं रक्त आम्ही घेणार, त्यातल्या पेशी वाढवणार, त्यांत जनुक घालून बघणार. त्या पेशी परत वैशूच्या अंगात घालायची परवानगी आम्हाला नाही, तेवढी आमची तयारीही नाही. संमतीचा कागद मी वाचून दाखवला. संगीता प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. "व्हय, कळलं." कागद मिटला आणि तिने विचारलं, "मंग कधी घालनार तिच्यात?"

तिने ते शेवटपर्यंत कधी मानलंच नाही. मला त्याचा रागही यायचा, खरं सांगते. चार-चार वेळा समजावलेलं माणूस ऐकेना की माझं डोकं फिरतं. आता वाटतं, तिने काय मानायला हवं होतं? कडेवरचं पोर खाली ठेवायचं आणि विज्ञानाची प्रगती मानायची?

पेशी वाढवणं याला आमच्याकडे 'खायला घालणं' म्हणतात. दोन-तीन दिवसांनी जुना गुलाबी द्रव काढायचा, नवा घालायचा. "खायला घातलंस का?" हे आम्ही एकमेकांना इतक्या सहज विचारायचो, की एकदा संगीता दारात उभी असताना ते तिच्या कानावर गेलं आणि ती चमकली. कुणाला, म्हणून विचारलं. मी म्हणाले, तुमच्या वैशूच्या पेशींना. ती पहिल्यांदा हसली. समोरचा एक दात थोडा वाकडा होता, तो हसताना दिसायचा. त्यानंतर ती आली की मुनीरभाईंना विचारायची, "खाल्लं का आमच्या बाईनं?" आणि मुनीरभाई त्यांच्या भाषेत म्हणायचे, "खाया ना! तुम्हारेसे जादा खाती."

आणि मग ती दुपार. वाहक आत गेले होते, प्रथिन बनलंय की नाही हे बघायचं होतं. त्या प्रथिनाला चिकटणारा एक रंग घालून अंधारात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बनलं असेल तर पेशीच्या कडेला हिरवं चकाकतं, नसेल तर सगळं काळं. मी डोळा लावला आणि काळोखात एकापाठोपाठ एक हिरवी कडी दिसू लागली. माझ्या तोंडून काय निघालं ते आठवत नाही, पण सर शेजारच्या खोलीतून धावत आले. योगायोगाने संगीता त्या दिवशी वैशूला घेऊन आलेली होती. खरं तर आत आणायची परवानगी नसते, पण सरांनीच वैशूला उचलून स्टुलावर उभं केलं. चार वर्षांची पोर, डोक्याला खोबरेल चापून बसवलेलं, केसांत प्लॅस्टिकच्या दोन क्लिपा. तिने एक डोळा हाताने झाकला आणि दुसऱ्याने बघितलं.

"आई, बांगड्या!" ती ओरडली. "हिरव्या हिरव्या बांगड्या!"

खरंच तशाच दिसत होत्या. कासाराच्या दोरीवरून सुटून काळ्या फडक्यावर पसरलेल्या. संगीताने पुष्कळ वेळ डोळा काढला नाही. मग मला म्हणाली, "मॅडम, मंग जमलं की." जमलं होतं. काचेच्या बशीत जमलं होतं.

वैशूच्या टाचेला लागलं ते त्यानंतर काही दिवसांनी. टँकरच्या रांगेत हंड्याची फाटकी कड लागली, बोटाच्या पेराएवढं कापलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की काही लागलं तर लगेच आणा. संगीता निघालीही होती. पण सासू म्हणाली, शेजारणी म्हणाल्या, अगं बघ तरी, पू कुठं धरलाय? जखम कोरडी हाय. पू नाय म्हंजी बरी होतीय. चार बायकांना आयुष्यभर जे दिसत आलं होतं तेच त्या सांगत होत्या, आणि इतर कुठल्याही पोराच्या बाबतीत ते खरंच ठरलं असतं. पू म्हणजे तरी काय, लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. वैशूच्या जखमेत पू नव्हता, कारण तिथे लढायला कुणी पोचलंच नव्हतं. कोरड्या दिसणाऱ्या त्या कापाखाली टाच काळी पडत गेली. ताप चढला तेव्हा दत्ता कंपनीतून निघून तिला घेऊन दवाखान्यात धावला. पुढच्या दिवसांबद्दल मला लिहायचं नाही. मी दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी ती मला ओळखून म्हणाली, "बांगड्या?" मी म्हणाले, आहेत. संध्याकाळी प्रयोगशाळेत जाऊन मी त्यांना खायला घातलं. आणखी काय करणार होते? माझ्या हाताखाली त्या झकास वाढत होत्या आणि तिकडे ती जात होती. त्या आठवड्याइतकी लाज मला माझ्या कामाची कधी वाटली नाही.

वैशू गेली. लहान म्हणून गावाकडे नेऊन शेताच्या कडेला पुरली. लहान पोराला अग्नी नाही, दहावं नाही, तेरावं नाही. माती ओढली की झालं. दत्ता चौथ्या दिवशी पाळीवर गेला.

आखिती, म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे सोन्याच्या दुकानांपुरती उरली आहे. गावाकडे तो गेलेल्यांना पाणी द्यायचा दिवस. कुंभाराकडून मातीचा नवा करा आणायचा, भरायचा, त्यावर आंबा किंवा खरबूज ठेवायचं, आणि गेलेल्याचं नाव घेऊन पुजायचा. भर उन्हात, मेलेल्यांना तहान लागते म्हणून. पुढच्या वर्षीच्या आखितीला संगीताच्या सासूने घरातल्या बाकीच्यांबरोबर वैशूसाठीही लहानसा करा आणला. लहान पोराचं करायचं नसतं म्हणतात, पण म्हातारीला राहवलं नाही. संगीताने त्यात पाणी घालू दिलं नाही. ती गाडी बदलत बदलत आमच्याकडे आली, आणि उन्हाने लाल झालेल्या तोंडाने दारातच विचारलं, "त्या बांगड्या हायेत का आजून?"

आहेत, मी म्हणाले. आता त्या वाढवत नव्हतो, गोठवून ठेवल्या होत्या. मुनीरभाईंनी अतिथंड द्रव नायट्रोजनच्या पिंपाचं झाकण उचलून दाखवलं. पांढरा धूर बाहेर ओघळला आणि पायांशी पसरला. संगीता दोन पावलं मागे सरली आणि परत पुढे आली.

"जित्या हायेत?"

"जिवंत आहेत. झोपवलेल्या आहेत म्हणा. बाहेर काढून ऊब दिली तर परत वाढतील."

"मंग करा कशापायी भरू?" ती म्हणाली. तिच्या आवाजात भांडण होतं, बहुधा सासूशी. "जित्याला कुनी करा भरतं व्हय?" जाताना दारात थांबून म्हणाली, "उठवल्या तर येळच्या येळी खायला घाला."

मी तिच्याशी खोटं बोलले नव्हते. पेशीशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात त्याला जिवंतच म्हणतील. पण शास्त्रातला एक साधा शब्द मी दिला आणि तिने तो घरी नेऊन देवाजवळ ठेवला, असं मला तेव्हापासून वाटत राहिलं. तो परत कसा मागायचा? दर आखितीच्या आधी तिचा फोन यायचा. इकडचं तिकडचं काही नाही, थेट, "हाय ना?" मी म्हणायचे, आहे. तिकडे त्या वर्षी वैशूचा करा भरला जायचा नाही. मधे तिला मुलगा झाला. त्याची नाळ वेळेवर पडली, तेव्हाही तिने आधी मला फोन केला आणि नुसती रडत राहिली. तो आता शाळेत जातो. सर निवृत्त झाले. वाळूज तिकडून आणि शहर इकडून वाढत एकमेकांना भिडले. माझ्या हाताखाली आता मुलं काम करतात, आणि ते जनुक घालण्याचं काम जगात कुठे कुठे खऱ्या रुग्णांपर्यंत पोचलं असं वाचते. वाचून बरं वाटतं, आणि मग दिवसभर काही सुचत नाही.

यंदा पुन्हा पाऊस दगा देऊन गेलाय. आमचं नायट्रोजनचं पिंप जुनं झालं होतं, गळ्याशी बर्फ धरायला लागलं होतं. नवं मंजूर व्हायचं होतं. तोवर पिंप वारंवार भरत राहायचं, इतकाच उपाय. आणि नेमकी सुट्ट्यांच्या जोडीला नायट्रोजनची गाडी वाळूजच्या रस्त्यावर अडकली. चालकाचा फोन आला, "मॅडम, रस्ता बंद हाय. बायका हंडे घिऊन बसल्यात. पाण्याबिगर उठत नाय म्हनत्यात." मुनीरभाई आता थकलेत, तरी त्यांनी पिंपात पट्टी घालून बघितली आणि नुसती मान हलवली. पेशी दुसऱ्या ठिकाणी हलवण्यासाठी आम्ही दिवसभर फोन फिरवत बसलो. गाडी आली तेव्हा पिंप कोरडं होतं. रागवायचं तर कुणावर? रिकामे हंडे घेऊन भर उन्हात डांबरावर बसलेल्या बायकांवर? त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

पूर्वी एका दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवलेल्या पेशी तिथे रुजल्या नव्हत्या. म्हणजे होत्या त्या एवढ्याच. तरी मी एकेक नळी उघडून बघितली. मेलेली पेशी ओळखायला एक निळा रंग असतो. जिवंत पेशी तो आत येऊ देत नाही, मेलेलीला अडवता येत नाही. मी डोळा लावला. सगळं निळं होतं. एकही हिरवं कडं आता कधी दिसणार नव्हतं. मुनीरभाई शेजारी उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

फोन आला तो आखितीच्या दोन दिवस आधी. मी पळून जायचं ठरवलं असतं तर जमलं असतं. 'आहे' हा एक शब्द, इतकी वर्षं म्हटलेला. तिला कोण सांगायला जाणार होतं?

"मॅडम, हाय ना?"

"संगीता," मी म्हणाले, "नाही राहिली गं."

पलीकडे भांड्यांचा आवाज होता, कुठेतरी टँकर मागे येत होता, पीं-पीं, पीं-पीं. मी पिंपाचं सांगू लागले, गाडीचं सांगू लागले. तिने मधेच तोडलं.

"उपाशी गेली का?"

"नाही. झोपेत होती."

टँकरचा आवाज थांबला. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती एकदम नेहमीच्या, घरकामातल्या आवाजात म्हणाली, "मंग यंदा करा आनावा लागंल तिचा."

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "पाणी आहे का गं तुमच्याकडे?"

"कुठलं पाणी," ती म्हणाली. "आता भरलं तेवढंच, आठ दिस पुरवायचं. पर तिच्यापुरतं निघंल."